गिअरची शिट्टी

मंगळवार संध्याकाळ, बाळकुम

अखेर आज जमलं! मानपाड्याच्या कारखान्यात हेलिकॉप्टरच्या गिअरच्या दातांची टोकं आम्ही अगदी किंचित घासली, आणि चाचणीत ती कान फाडणारी शिट्टी जवळजवळ गेलीच. थरथरही कमी झाली.

घरी आल्या आल्या बाबांना मोबाइलवर दोन्ही आवाज ऐकवले, आधीचा आणि आजचा. बाबांची सगळी नोकरी हेलिकॉप्टर दुरुस्त करण्यात गेली, आणि कान त्या शिट्टीत गेले. डोळे मिटून त्यांनी परत परत ऐकलं.

"दोन्ही सारखेच वाटतायत गं."

हे आधीच माझ्या लक्षात कसं आलं नाही? तो चढा, बारीक आवाज त्यांना आता ऐकूच येत नाही. ज्यांच्यासाठी हे काम धरलं, त्यांनाच फरक कळू नये? मला रडूच आलं.

बाबा मात्र खुशीत. "म्हणजे आता आत बसणाऱ्या पोरांचे कान शाबूत राहणार?"

"हो बाबा, बऱ्यापैकी."

"अरेरे!" आईकडे बघत म्हणाले, "बिचाऱ्यांना म्हातारपणी बायकोचं सगळं ऐकावं लागणार!"

आई केवढी हसली! मग बाबांनी मोबाइल पुन्हा कानाला लावला.

"लाव परत. आजचाच लाव."