बटण सर्व्हरवर

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

देवव्रत सर आज टेबलाशी थांबले. "काका, ते तुमचं बटण फक्त तुमच्याच मशीनवर का?" बघतो म्हणालो.

बटण म्हणजे वर्डला जोडायचा, मी घरी बसून बनवलेला छोटा प्रोग्राम – ॲड-इन. पेठ, विंचूर अशा गावांकडून जमिनीचे कागद जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले येतात. उघडले की नुसती अक्षरांची खिचडी. बटण दाबलं की सरळ मराठी. ऑफिसातली सातही माणसं त्यासाठी फाइल घेऊन माझ्याकडे येतात. मनाली तर दिवसातून चारदा. सगळ्यांना का दिलं नाही – हे सरांना काय सांगू?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दोन रस्ते आहेत. प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी कॉपी – म्हणजे एक अक्षर चुकलं तरी सात ठिकाणी जाऊन दुरुस्ती. नाहीतर सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये ठेवायचं आणि प्रत्येकाच्या वर्डला तो पत्ता द्यायचा. दुरुस्ती एकदाच.

दुसरं बरोबर. मला पहिलं हवंय. निदान दुरुस्तीच्या निमित्ताने सगळ्यांकडे जाणं होईल.

कुसुमला सांगितलं असतं तर हसली असती. ती जाऊन चार वर्षं झाली. घरी द्वारका चौकातले हॉर्न ऐकू येतात, माणसाचा आवाज नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सर्व्हरच. सरांना सांगून आलो. "उत्तम," म्हणाले, स्क्रीनवरून नजर न काढता.

बटणाची फाइल रीड-ओन्ली, म्हणजे इतरांना फक्त वाचता येईल अशी केली, नाहीतर कुणाचंही वर्ड उघडं असलं की ती अडकून बसते, मला बदलता येत नाही. मयुरेश, सनी, अपूर्वा – करत करत सहा मशीनवर पत्ता टाकून झाला. मनालीचं राहिलं. ती पेठला घरी गेलीय, बुधवारी येईल.

सनी म्हणाला, "चला काका, आता तुम्हाला त्रास नाही."

त्रास!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कुणी आलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

छान चाललंय. अपूर्वाने तिच्या जागेवरूनच अंगठा दाखवला.

डबा टेबलावरच खाल्ला. बाकीचे खाली एकत्र बसतात. मला कुणी येऊ नका म्हटलेलं नाही. चला असंही म्हटलेलं नाही. पूर्वी फाइल दाखवता दाखवता कुणीतरी भाजीचा वास आला म्हणायचं, तेवढ्यावर माझं भागायचं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मनाली आली. तिच्या मशीनवर पत्ता टाकला, वर्ड उघडलं, तर बटणं दोन. शेजारी शेजारी, दोन्ही माझीच. शोधलं. तिच्याकडे आधीपासून एक कॉपी होती. तारीख १८ मार्च.

"तुम्ही रजेवर होतात ना तेव्हा, तुमच्या मशीनवरून घेतली. सरांना घाई होती."

"मग रोज फाइल घेऊन माझ्याकडे का यायचीस?"

ती म्हणाली, "रूमवर बोलायला कोणी नाय काका. तुमच्याकडं दोन शब्द व्हायचे."

मग मीही सांगितलं – म्हणूनच इतके दिवस ते कुणाला देत नव्हतो.