बातमी कुठे आहे?

३ मार्च
मेलच्या विषयाची ओळ पुन्हा बदलली. ‘एकट्या माणसाने घडवलेला गेम’ — हे वाचून कोण मेल उघडणार? हल्ली अर्धे गेम एकट्या माणसानेच घडवलेले असतात. उरलेल्या अर्ध्यांतल्या माणसांना कंपनीने काढून टाकलेलं असतं.

धाकट्या भावाचा गेम याच महिन्यात, चोवीसला येतोय. बसडेपोतली हरवलेल्या वस्तूंची खिडकी. आपण खिडकीत बसायचं, समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय ते ओळखायचं, आणि छत्री, कवळी, बासरी ज्याची त्याला द्यायची. बंदूक नाही, राक्षस नाही. नोकरी सोडून तीन वर्षं भाऊ याच्यामागे लागलाय. कुणी खेळलंच नाही, तर परत जुन्या कंपनीत जाऊन बँकांची ॲपं करायची. आणि कुणी लिहिलंच नाही, तर खेळणार कोण?

मी जन्मभर साप्ताहिकात लोकांची टिंगल केली, म्हणून गेमवर लिहिणाऱ्या पत्रकारांना गाठायचं काम माझ्या गळ्यात. “ताई, तुला शब्द सुचतात.” सुचतात रे बाबा, पण ते सगळे टोमणे असतात!

६ मार्च
शुक्रवारी पत्रकारांना मेल पाठवू नये म्हणतात. पाठवले. बाकीच्या वारी तरी कुठे उत्तरं येतात?

९ मार्च
नवऱ्याने मसुदा वाचला. “हे गेमबद्दल आहे की उपवर मुलाबद्दल? निर्व्यसनी तेवढं राहिलंय.”
खोडून परत लिहिला. निर्व्यसनी घातलं नाही.

१० मार्च
फजिती. प्रत्येक मेलवर ठळक अक्षरांत घातलं होतं — ‘ही बातमी चोवीस तारखेपूर्वी प्रसिद्ध करू नये.’ मोठ्या कंपन्या घालतात, म्हणून मीही. एका मोठ्या पोर्टलवरच्या बाईंचं उत्तर आलं: “निश्चिंत असा. नंतरही करणार नाही.”
बाई माझ्याच वळणाच्या निघाल्या. आवडल्या! त्यांना गेम फुकट उघडायचा कोड पाठवला आणि लिहिलं — छापू नका, नुसता खेळा.

१३ मार्च
धाकट्याच्या खोलीवर गेले. खाली लाँड्री, त्यामुळे भिंतींना कायम घाम. तो पडद्याला नाक लावून बसलेला.
“काही आलं?”
“येईल की.”
“ताई, थाप मारताना तू चष्मा पुसतेस.”
“मग बसव मला तुझ्या खिडकीसमोर.”
“नाही आलं तरी चालेल गं.”
“चालेल काय? तीन वर्षं काय गोट्या खेळलास?”
एरवी उलटून बोलला असता. आज पुन्हा पडद्याला नाक लावलं.

१७ मार्च
पोर्टलवाल्या बाईंचा फोन! “त्या म्हाताऱ्याला कवळी दिली नाही मी. खोटारडा वाटला. दिवसभर जिवाला चुटपुट लागली हो.” मी मनात नाचायला लागले, तर म्हणाल्या, “गेम छान आहे. पण बातमी कुठे आहे? छान गेम रोज येतात. संपादक विचारतात, हाच का, आत्ताच का?”
मी लाँड्रीची वाफ सांगितली, डेपोतले खरे आवाज सांगितले, लहानपणी हरवलेलं दप्तर सांगितलं. दप्तराचं तर जागेवर रचून सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.
“त्यांच्याशीच बोलू द्या,” म्हणाल्या.

१९ मार्च
मुलाखतीच्या वेळी प्रसिद्धीवाल्याने कॉलवर हजर राहायचं असतं — आवाज बंद करून, मुलाखत देणारा घसरला तर खाकरायला. मी घसा शेकून तयार. धाकटा म्हणाला, “ताई, आज तू नको.”
वर दार बंद. मी लाँड्रीच्या बाकावर. लाँड्रीवाल्याने रिकामी पाहून चादरीचं टोक हातात दिलं. बऱ्याच चादरी झाल्या.
धाकटा खाली आला.
“काय विचारलं?”
“नेहमीचंच.” आणि त्याने माझ्यासमोरच्या चादरीचं दुसरं टोक धरलं.

२० मार्च
बाईंचा मेल: “बातमी मिळाली. आभार.”
अखेर! घरभर नाचले. नवरा म्हणाला, “गुडघे तुझेच आहेत.”

२४ मार्च
लेख आला. पोर्टलवर सगळ्यात वर. मथळा — ‘हा माझा शेवटचा गेम.’ एक तारखेपासून धाकटा जुन्या कंपनीत रुजू होतोय. सही कधीच करून बसलाय. “ताई अजून धडपडतेय. तिला कसं सांगू कळत नाही,” हे त्याच्याच शब्दांत छापलंय.
दुपारपर्यंत बाकीच्या पत्रकारांचेही मेल आले. सगळ्यांना त्याच्याशी बोलायचंय.
मलाही.