डब्याची बाई वर कशी गेली

सर, तुमच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. पहिलीच्या वेळी शेवटच्या पानावर ‘अभिप्राय अवश्य कळवावा’ असं छापून खाली फोन नंबर द्यायचा होता. तुम्ही दवाखान्यात होतात, तुमच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून प्रेसच्या मालकांनी मला माझाच नंबर टाकायला सांगितला; पुस्तक टाइप मीच करत होतो. पुस्तक बांधून यायच्या आठवडाभर आधी तुम्ही गेलात. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं तुमच्या वाचकांचे फोन मला येतात. मागच्या आठवड्यात अकोल्याहून तुमच्या बहिणीने निरोप पाठवला, की ही आवृत्ती तुमच्या हस्तलिखिताशी ओळ न् ओळ ताडून मगच छापायची. हस्तलिखित माझ्याच कपाटात आहे. ते ताडलं तर एक पान जुळणार नाही. का जुळणार नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आधी कादंबरीबद्दल बोलतो, कारण तुम्ही असताना माझी हिंमत झाली नाही. एका बुधवारी भरदुपारी अमरावतीतले सगळे खरे विश्वासणारे, म्हणजे येशूला मनापासून मानणारे, एका क्षणात वर स्वर्गात घेतले जातात. कपडे, चपला जागच्या जागी राहतात. दर्यापूरची जीप ड्रायव्हरविना नाल्यात जाते, रेल्वेगाडी एकटीच पळत सुटते. मग सात वर्षं महासंकट, टीव्हीवर ख्रिस्तविरोधकाचं राज्य आणि शेवटी उभ्या सोयाबीनवर गारपीट. दोनशे चाळीस पानं. त्यात जिनिंगवर काट्यावर कापूस तोलणारा माणूससुद्धा ‘अहो, हे काय विपरीत घडत आहे!’ असं बोलतो. राजापेठेत असं कोणी बोललं तर लोक त्याला आधी सावलीत बसवतील आणि मग पाणी देतील. तुमचा ख्रिस्तविरोधक नायकाला बांधायच्या आधी त्याला आपला सगळा बेत अकरा पानं समजावून सांगतो, आणि नायक ऐकून घेतो. दुष्ट माणसं सगळी जाड आहेत. हे सगळं मी तीन वेळा टाइप केलं, सर, तुम्ही दोनदा सुरुवातीपासून बदललंत म्हणून.

पण वाचक पाहिले की कादंबरी बरी म्हणायची वेळ येते. चांदूर रेल्वेच्या एका निवृत्त रेल्वेवाल्यांनी पहिला फोन केला. ‘इंजिनात दोन डायवर असतात. तुमच्या पुस्तकात गाडी एकटीच पयते. म्हंजे दोघंही बाप्तिस्म्याचे होते का?’ मी म्हणालो, मी फक्त टाइप केलंय. ते म्हणाले, ‘मंग लिहिनाऱ्याले सांगजा, चवकशी करत जा म्हना.’ दर्यापूरच्या एका तरुणाने दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि दर महिन्याला विचारायचा, ‘सर, खरी तारीख सांगा ना, कोनाले नाई सांगत.’ त्याला देव नको होता, सर, फुटलेला पेपर हवा होता. अकोल्याच्या एका बाईंनी आंतरदेशीय पत्र पाठवलं, की पुस्तक वाचून त्या घाबरल्या आणि सहा वर्षं अबोला धरलेल्या जावेच्या घरी जाऊन रडल्या. मला वाटलं, चला, एक तरी उपयोग. महिन्याभराने त्यांचं दुसरं पत्र आलं: जाऊ पूर्वीसारखीच निघाली, आणि शेवट अजून आलेला नाही, तरी लेखकांनी उत्तर द्यावं. इथल्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून सांगितलं की हे साहित्यच नव्हे, ही धमकी आहे. मला ते शंभर टक्के पटलं. मग कळलं की त्यांनी फक्त मलपृष्ठ वाचलं होतं. तुमच्या पुस्तकाला शिव्या द्यायचा हक्क मी तीनदा टाइप करून मिळवलाय; तो असा फुकटात कोणी वापरला की मला राग येतो.

तुम्हाला आठवत असेल, बारावीत दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी घरी बसलो होतो. शाळेत तुम्ही मराठी शिकवायचात, तेव्हापासून माझं शुद्धलेखन तेवढं बरं होतं. तुम्हीच प्रेसच्या मालकांकडे शब्द टाकलात. पहिल्या दिवशी तुम्ही मला एक लाकडी पट्टी दिली आणि म्हणालात, ‘ओळीखाली ही ठेवत जा. डोळा पुढे पळतो, त्याला अडवायचं.’ तिच्यावर शाळेचा शिक्का डागलेला होता, म्हणजे पट्टी शाळेची होती, तुम्ही ती निवृत्त होताना आणली होती. एवढी एकच चोरी तुमच्या नावावर मला माहीत आहे. आणि ती शिवीगाळही आठवते. तिसऱ्या प्रकरणात तुमच्या नायिकेने चौथ्यांदा टाहो फोडला, तिथे मी ‘ती रडली’ असं केलं. तुम्ही प्रूफ टेबलावर आपटलंत. एरवी पुस्तकी बोलणारे तुम्ही, त्या दिवशी सगळ्या प्रेसपुढे तुमची खरी भाषा बाहेर आली. ‘तुले कोनं सांगितलं होतं रे? लेखक तू हायस का मी हाय? बारावीचा पेपर सोडवता आला नाई, अन् माहं पुस्तक सुधरवतो?’ मी पुन्हा टाहो टाकला. दोन दिवस माझ्या बोटांना की-बोर्डवर अक्षरं सापडत नव्हती.

त्याच काळात तुमचा डबा आमच्या घरून येत होता. तुम्ही एकटे, आणि माझी आई पाच घरांचे डबे करायची. सकाळी स्वयंपाकघरात पाच डबे रांगेत उघडे मांडलेले असतात. आई वरण ओतते, आणि तुमच्या डब्यापाशी आली की थांबते. तुम्हाला तिखट चालत नाही. तुमचं वरण ती फोडणीआधीच वेगळं काढते. झाकण लावायच्या आधी ती डब्याची कड पदराने पुसते, का पुसते कोण जाणे, आत काहीच सांडलेलं नसतं. भरदुपारी ती स्वतः तुमच्या दारापर्यंत जाते, कडी वाजवते, तुम्ही कालचा रिकामा डबा देता आणि भरलेला घेता. सहा वर्षं. रविवारी तुम्ही चर्चला, तुमच्या मंडळीत, जाऊन उशिरा यायचात म्हणून ती रविवारी एक तास उशिरा निघायची.

आणि तुम्ही तिला कादंबरीत घातलंत. पान एकशे बारा. नायकाचे म्हातारे गुरुजी वर घेतले गेलेले आहेत. डबा देणारी बाई येते, कडी वाजवते, दार उघडत नाही. तुमच्या अक्षरातलं शेवटचं वाक्य असं आहे: ‘ती डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली, काय घडले ते तिला कळले नाही, आणि कळणारही नव्हते.’ पुढच्या पानावर त्या गल्लीला आग लागते. आम्ही बौद्ध आहोत, वर जाणाऱ्यांच्या तुमच्या यादीत आमचं नाव नसणार हे मला माहीत होतं. गल्लीच्या गल्ली तुम्ही मागे ठेवल्यात, मी मुकाट्याने टाइप केल्या. पण ती पायरी मला ओळखीची होती, आणि तो डबाही. तुम्ही तोंडात नळी घालून दवाखान्यात पडला होतात, शेवटचं प्रूफ बघणारं कोणी नव्हतं. मी पाच ओळी काढल्या आणि पाच ओळी घातल्या. माझ्या ओळींत बाई कडी वाजवते, आणि मग पायरीवर फक्त साडी, चपला आणि डबा असतो, कड पुसलेला, अजून गरम. बाई नसते. गुरुजींसारखी तीही वर गेलेली असते.

नऊ वर्षांत या पाच ओळींइतके फोन दुसऱ्या कशावर आले नाहीत. अकोल्याच्या चर्चच्या एका पाळकांनी पहिल्याच महिन्यात विचारलं, ‘या बाईचा बाप्तिस्मा कोणत्या पानावर झाला? मला तरी सापडत नाही.’ त्यांनी म्हणे उपदेशातून सांगितलं की पुस्तक वाचा, पण पान एकशे बारा सोडून वाचा. त्यामुळे लोकांनी तेवढंच पान वाचलं. आमच्या विहारातल्या एका पोराला तुमचा डबा कोण द्यायचं ते माहीत होतं, त्याने उलट मलाच चौकात धरलं. ‘आपल्या बाईले त्याह्यच्या स्वर्गात कोनं नेलं बे? इचारलं होतं का तिले? तू टाइप करून राहिला अन् तुले लाज नाई वाटली?’ एकाला ती गेली याचा राग, दुसऱ्यालाही ती गेली याचाच राग. पुस्तकातली बाकीची सगळी अमरावती जळून गेली त्याचं दोघांनाही काही नाही.

परवा तुमच्या बहीण स्वतः प्रेसमध्ये आल्या. निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही म्हणालो. त्यांनी पुस्तक उघडून बरोबर त्या पानावर बोट ठेवलं. ‘बाबू, हे पान माह्या भावाचं नाई.’

मी म्हणालो, ‘सिस्टर, छापताना थोडं इकडेतिकडे...’

‘इकडंतिकडं नाई. मी त्याले वळखतो ना. मी मंडळीबाहेर लगन केलं तं बावीस वर्षं बोलला नाई माह्याशी. आई गेली तईं एका खोलीत बसलो, तरी नाई बोलला. तो मानूस एका डबेवालीले वर नेईन? खरं सांग, हे कोनं घातलं?’

हस्तलिखित त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात होतं. किल्ली माझ्या खिशात होती आणि हात खिशात होता. त्या रागावलेल्या नव्हत्या, सर. त्या श्वास धरून बसल्या होत्या, दवाखान्यात रिपोर्ट ऐकायला बसतात तसं. तेव्हा मला समजलं की त्या पान तपासायला आलेल्याच नाहीत. मी म्हणालो, ‘सरांनीच बदललं, सिस्टर. शेवटच्या प्रुफात, दवाखान्यात. बोलता येत नव्हतं, हाताने लिहून दिलं. ते प्रूफ आता राहिलं नाही.’

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ‘मंग नरमला होता म्हन शेवटी.’ आणि चष्मा परत लावत, ‘मले एक निरोप धाडला असता तं मी आली नसती का?’ जाताना सांगून गेल्या, की पान आहे तसंच राहू दे, ताडायची गरज नाही, पाळकांना त्या बघून घेतील. तुमच्या नावावर मी क्षमा लिहून टाकली, सर, आणि ती पोचलीही. तुम्ही जिवंत असताना बावीस वर्षांत जे जमलं नाही ते मी तुमच्या वतीने एका खोट्या वाक्यात उरकलं. याबद्दल तुमची माफी मागावी असं मला अजून वाटलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी आईला ते पान पहिल्यांदा वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, ‘हे मास्तरनं लिवलं?’ मी हो म्हणालो. ती हसली. ‘मास्तर काय लिवते बाप्पा. सहा वर्षं डबा घेतला, माह्याकडं कधी मान वर करून पाह्यलं नाई. डब्याची कड पुसतो मी, हे त्याले कसं मालूम?’ मी पुस्तक मिटलं. तिने काड्या बाजूला केल्या. ‘अन् मले काहून धाडलं रे वर? तिथं माह्या वळखीचं कोन हाय? एक मास्तर, तो बोलत नाई.’

तिचं म्हणणं बरोबर आहे. तिला तिथे करमलं नसतं, आणि तिला तिथे जायचंही नव्हतं. मला फक्त एवढंच हवं होतं की रोज तिच्या हातचं जेवणाऱ्या माणसाने यादी करताना तिला पायरीवर विसरू नये. तुम्ही विसरलात. विसरलात असंही नाही, आठवणीने बसवून ठेवलंत. हे पत्र मी तुमच्या हस्तलिखिताबरोबर ठेवणार नाही. कधीतरी ते कागद सिस्टरच्या हाती जातील, आणि तुम्ही नरमला नव्हतात हे त्यांना कळेल. कुठे ठेवणार हेही ठरलेलं नाही. तुमच्या पुस्तकातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नाही, सर, ना तुमच्या बुधवारवर, ना तुमच्या यादीवर, आणि वाचकांना मी फोनवर तसं अनेकदा सांगितलंय. पण त्या पाच ओळी लिहीत होतो तेवढी दहा-पंधरा मिनिटं मला ते सगळं खरं वाटत होतं. नाहीतर तिला घाईघाईने वर कशाला पाठवलं असतं?