मस्कतची वही, मेहकरची वही आणि शेकडा साडेसात

श्री बालाजी प्रसन्न.

मी वासंती गोपाळ मुळे, वय ७१, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार मेहकर, जि. बुलडाणा, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने व स्वतःच्या अक्षरात हे लिहिते. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळीच दूधवाल्याने न लिहिलेला खाडा पकडला.

१. मुलगा कुशल मस्कतला नोकरीस आहे. मुलगी गार्गी नवरा वारल्यावर २०१८ साली साखरखेर्ड्याहून माझ्याकडे आली. खालचे घर गार्गीला. माडी कुशलच्या पैशाने झाली, ती कुशलला. पाण्याची मोटर दोघांत एकच राहील, म्हणजे टाकी भरण्यापुरते तरी बोलतील.

२. पुरणयंत्र व शिलाई मशीन गार्गीला. पितळी घंगाळ नणंद पुष्पांजली हिने १९९४ साली ‘दोन दिवसांसाठी’ नेले आहे. ते तिलाच राहू द्यावे, पण मी दिले असे म्हणू नये.

३. आता मुख्य गोष्ट. बारा वर्षांत कुशलने पाठवले ते त्याच्या कागदावर एकवीस लाख साठ हजार आणि माझ्या वहीत जमा एकोणीस लाख पंच्याण्णव हजार. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा त्याने ताळा केला, पण २०१८ पासूनचाच, कारण तेव्हापासून बँकेतून पैसे गार्गी काढते. पासबुकात आले ते वहीत पूर्ण नाही, मधे फक्त गार्गी. कुशलसाहेब मला म्हणाले, “मी ताईवर संशय घेऊन नाही राह्यलो, आई. आकडा बोलून राह्यला.” गार्गी स्वयंपाकघरात ऐकत होती. तिने पासबुक देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. त्या दिवसापासून ती स्वतःचा किराणा स्वतः आणते आणि वेगळ्या डब्यात ठेवते.

४. तो गेल्यावर मी २०१३ पासूनच्या सगळ्या वह्या काढून दोन्हीकडचे आकडे वर्षावर वर्ष ठेवून पाहिले. पहिल्या वर्षी तूट अकरा हजार, शेवटच्या वर्षी अठरा. वाढली खरी, पण पाठवलेले पैसेही वाढले. शेकडा पाहिले तर दरवर्षी साडेसातच्या आसपास. गार्गी साखरखेर्ड्याला नांदत होती आणि बँकेत मी जात होते तेव्हाही तेवढेच.

त्यातले साठ हजार बँकेने कापले. कुशल मोबाईलवरचा भाव लिहितो, बँक तिचा भाव देते. ते त्याने बँकेशी भांडावे. उरलेले एक लाख पाच हजार मी घेतले. पैसे हाती आले की विसावा हिस्सा बालाजीच्या पेटीत टाकायचा आणि मग जमा लिहायचे, असा माझा नेम. कुशल परक्या मुलखात सुखरूप राहावा म्हणून. गुप्तदान बोलून दाखवले की फळ जाते, म्हणून त्या दिवशीही मी गप्प बसले. बालाजी पावती देत नाही.

५. हे दान कुशलला न विचारता केले, म्हणून पोस्टातल्या ठेवीतून एक लाख पाच हजार त्याला द्यावे. बाकी ठेव गार्गीची.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. तोवर गार्गीने माझ्याच घरात चोर म्हणून राहायचे, हे मला पटले नाही. फळ जायचे असेल तर जावो, देवाशी मी बोलेन. सही करण्याआधी चौथे कलम तिला वाचून दाखवले. एक प्रत उद्या मस्कतला जाईल.

गार्गीने कागद हातात घेऊन चौथे कलम स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाली, “तेव्हाच काऊन नाही सांगितलं?” मी म्हटले, कुशल तिकडे एकटा आहे, म्हणून.

“अन् मी? मी तं इथंच होती.”

हे वाक्य मृत्युपत्रात शोभत नाही, असे साक्षीदार इंद्रभानजी म्हणाले. मी ते राहू दिले आहे.

सही : वासंती गोपाळ मुळे

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. इंद्रभान गवई, निवृत्त कारकून
२. जनकाबाई लहाने, शेजारीण

मेहकर, दि. १४ ऑगस्ट २०२५