ज्याला दम लागतो, तो पुढं

प्रिय मिलिंद,

काल दोरजेचा फोन आला होता. स्पितीतली वाट मोकळी झाली की दरवर्षी करतो, तसाच. बर्फ हटलं, वाटाणा पेरून झाला, तुम्ही दोघं कधी येताय, खोली सारवून ठेवू का, सगळं एका दमात विचारलं. मग म्हणाला, "मास्टरजी को दीजिए." सेलूच्या तिकीट खिडकीवर जन्म गेला तुझा, पण त्याच्या लेखी तू स्टेशन मास्तरच! मी म्हणाले, बाहेर गेलेत. आणि फोन ठेवून दिला.

दिवाळीच्या तोंडावर गेलास तू. तेव्हापासून सगळ्यांना सांगून झालं. बँकेत सांगितलं, पेन्शनच्या ऑफिसात सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं की आता अर्धाच लिटर. त्या एका माणसाला मात्र सांगता आलं नाही. साऱ्या दुनियेत तेवढ्या एका घरी तू अजून यायचा होतास. म्हणून आज लिहायला बसले.

मायना बघून दचकलास का? चारचौघांत मी तुला 'अहो'च म्हणायचे. पण पहिल्याच वर्षी धुक्यात तू दिसेनासा झालास आणि मी वेड्यासारखी 'अहो, अहो' ओरडत राहिले, तेव्हा तू हसत हसत येऊन म्हणालास, नावानं हाक मार की, इथं कुठं तुझी सासू बसलीय? त्या दिवसापासून डोंगरात मिलिंद आणि परभणीला गाडीतून उतरलं की पुन्हा अहो. हे पत्र डोंगरातलं समज.

आपल्याकडं डोंगर आहे कुठं? काळ्या रानात नजर जाईल तिथवर सपाट. तरी तुझा हट्ट, सराव झालाच पाहिजे. म्हणून दोघांच्या सॅकमध्ये ज्वारी भरायची आणि पहाटे कालव्याच्या कडेनं चालत सुटायचं. मी शाळेतली बाई, लाजेनं अर्धमेली व्हायचे. शेजारच्या कौशाबाईंनी एकदा अडवलंच. "बाई, गिरणी हिकडं हाय. दळण घेऊन कालव्याकडं कुठं चाल्लाव?" तू गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, हिमालयात दळून आणतो, तिकडं पीठ बारीक येतं. त्या बिचाऱ्यांनी ते खरं मानलं होतं, ठाऊक आहे?

आणि ती बाटली! वर पहिल्यांदा तंबू टाकला तेव्हा तू पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळलंस आणि बाहेर काठीला टांगलीस. का, तर पाणी गार व्हावं म्हणून. आपला उन्हाळ्यातला शिरस्ता. सकाळी बघतो तर बाटलीत बर्फाचा गोळा, फडक्याचं लाकूड झालेलं, आणि प्यायला थेंब नाही. आजूबाजूला माणूस नाही, वाट नाही, आणि आपण दोघं त्या बाटलीला जाकिटात घेऊन आळीपाळीनं कोंबडीसारखे उबवत बसलो. इतकं मी पुन्हा कधी हसले नाही.

दोरजेच्या गावच्या गोंपातलं, त्या बौद्ध मठातलं, आठवतं का रे? आपल्या विहारात म्हणतो तसं त्रिसरण तू हात जोडून म्हणालास आणि तो म्हातारा लामा ऐकतच राहिला. मग त्यानं त्याच्या भाषेत म्हटलं. एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण दोघांचे डोळे भरले. बाहेर आल्यावर तू म्हणालास, इतक्या लांब येऊन घरीच आल्यासारखं वाटायलंय. मला तर त्या दिवशी तुझा हेवा वाटला होता.

तुझा एक नियम होता. ज्याला दम लागतो, तो पुढं. मागच्यानं त्याच्या चालीनं चालायचं, म्हणजे कुणी मागं पडत नाही, कुणी एकटं राहत नाही. दम लागायचा तो मला. त्यामुळं सगळी वर्षं मी पुढं आणि तू मागं. तुझी पाठ मी डोंगरात कधी बघितलीच नाही. तुझ्या काठीचा आवाज तेवढा मागून यायचा, आणि तो येतोय म्हटलं की मला कसलीच भीती वाटायची नाही.

मागच्या वर्षी मात्र खिंडीच्या वाटेवर तू म्हणालास, "शीला, आज मी म्होरं चालतो. मला फोटो काढायचेत."

ती खिंड आपल्याला दोनदा हुकली होती. एकदा बर्फानं, एकदा माझ्या गुडघ्यानं. पलीकडं काय आहे ते बघायचंय, असं मी घरी भांडी घासतानासुद्धा बोलायचे. त्या दिवशी तू पुढं, मी मागं. तू सारखा थांबायचास, मोबाइल वर धरायचास. मी मागून चिडवत होते, एवढे फोटो काय लग्नाच्या अल्बमला लावायचेत? आपण पोचलो. पलीकडं नुसती उघडी-बोडकी डोंगरांची रांग, एक घर नाही, एक झाड नाही, वर निळंशार आभाळ. तू दगडाला टेकून बसलास आणि माझ्याकडंच बघत राहिलास.

पुढं तू गेल्यावर डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, त्यांना जाणवत असणार. मी तुझा मोबाइल काढून बघितला. फोटो चारच, आणि तेही जमिनीचे.

आता मी कालव्यावर एकटी जाते. सॅक घेत नाही, कुणी विचारायला नको. चालता चालता आपोआप मागं वळून बघते. मागं कुणीच नसतं. घरी भाकरी एकच थापायची म्हणजे परात काढायचाही कंटाळा येतो. पुण्याहून राहुल फोन करतो, म्हणतो, आई, त्या सॅका देऊन टाक कुणाला तरी, आता तू कुणासोबत जाणार आहेस? पोरगं काळजीनंच बोलतं. पण फोन ठेवला की घर आणखी मोठं वाटतं. जाऊ की नको, हा एकच विचार उन्हाळाभर डोक्यात आहे. गेले तर तुझ्याशिवाय कशी चालू? आणि नाही गेले तर मला मिलिंद म्हणायला जागा कुठं उरली?

आज सकाळी मीच दोरजेला फोन लावला. सांगितलं. तो हळूच म्हणाला, मागच्या साली खिंडीला निघायच्या आधी मास्टरजी त्याच्या अंगणात छाती धरून बसले होते. त्यानं मला हाक मारायची म्हटलं तर तू त्याचा हात धरलास आणि म्हणालास, "बाई को मत बोलना. उनको उस पार देखना है."

रडू तर आलंच, पण त्याआधी तुझा राग आला, मिलिंद. लय राग आला! मला पलीकडचं बघायचं होतं, हे तुला कुणी सांगितलं? मीच सांगितलं, कबूल. पण ते तुझ्यासोबत बघायचं होतं रे! दम लागलाय, एवढंच म्हणाला असतास तर आपण त्याच पावली खाली उतरलो असतो. राहिली असती खिंड. दुसऱ्या दिवशी परतीची वाट धरली असती, डॉक्टरांना दाखवलं असतं. आपला नियम तू पाळलास, पुढं चाललास, पण का ते सांगितलं नाहीस. एवढी वर्षं मी दर वळणावर थांबून, दम लागला रे, म्हणत होते तेव्हा मला कधी लाज वाटली होती का?

मी जाणार आहे. दोरजेला तसं कळवलंय, एकच बिछाना घाल म्हणून. त्याची बहीण माझ्यासोबत येईल. राहुलला रविवारी सांगेन, भांडेल थोडा.

तुला एक वचन देते. दम लागला की मी जागच्या जागी थांबेन आणि मोठ्यानं सांगेन, मला दम लागलाय, आता खाली जाऊ या. सोबतीला परकं माणूस असलं तरी सांगेन, आणि खिंड हाताच्या अंतरावर असली तरी सांगेन. हेच वचन तुझ्याकडून घ्यायचं मला कधी सुचलंच नाही.

तुझी,
शीला