चाळीस नंबरची नळी

१२ नोव्हेंबर

सकाळी साडेसातला भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर उतरलो. गोंदियापासून उभाच होतो, तरी मूड झकास. ऑटोवाल्याने रुआबांध्याला यायला आधी आढेवेढे घेतले, मग मी लाखांदूरचा आहे कळल्यावर मराठीत सुरू झाला. त्याचा आजा भंडाऱ्याचा निघाला. भिलाईत कुणालाही जरा खरवडलं की खालून भंडारा-गोंदिया निघतं, असं दिसतंय.

खोली भीमाबाईंच्या क्वार्टरमध्ये, अगदी मागची. एक पलंग, एक गजांची खिडकी, स्वतंत्र दार नाही. ये-जा त्यांच्या समोरच्या खोलीतून. दादाने पाहिली असती तर म्हणाला असता, प्रेमानंद, हे गोदाम आहे. मला आवडली. भीमाबाई सत्तरीच्या. नवरा भय्याजी स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि दोन वर्षांत गेले. मूलबाळ नाही. त्यांचं माहेर लाखांदूर, म्हणजे त्या आमच्या गावची लेक, म्हणून मी त्यांना आत्या म्हणायचं. हे त्यांनी माझी बॅग खाली टेकायच्या आत ठरवून टाकलं.

खिडकीबाहेर मुनग्याचं झाड आहे, शाळेच्या पुस्तकातला शेवगा. त्याची पानं उन्हात चांदीच्या वर्खासारखी चमकत होती. मला हसूच आलं. ज्या रोगाचा अभ्यास करायला चार महिन्यांसाठी आलो, तोच माझ्या उशाशी उभा. खोडावर जांभळट बुरशीच्या चकत्या आल्या आहेत. आत्या म्हणाल्या, झाडाला कान फुटलेत, जरा हळू बोलत जा.

१५ नोव्हेंबर

काम सांगायला सोपं आहे. या वस्त्यांतल्या मुनग्यांना चांदी लागली आहे. पान चमकतं, फांदी वाळते, झाड जातं. आमच्या मॅडमना शंका आहे की हीच बुरशी माणसाच्या घशातही घर करत असावी. म्हणून एकाच प्रोजेक्टमध्ये झाडांचे डॉक्टर, माणसांचे डॉक्टर आणि हवेतली धूळ मोजणारे. चाळीस घरं, प्रत्येक घरी दोन नळ्या. तपकिरी झाकणाच्या नळीत झाडाची साल, पांढऱ्या झाकणाच्या नळीत घरच्या माणसाच्या घशात फिरवलेली कापसाची काडी. फॉर्मवर त्या माणसाची सही किंवा अंगठा, खाली साक्षीदार म्हणून माझी सही, त्याखाली तपासलं म्हणून हेमराजची. हेमराज माझा सीनियर, बालाघाटचा, बोलतो कमी आणि तंबाखूचा खर्रा खातो जास्त.

मॅडमनी हातमोजे, मास्क सगळं बजावलं आहे. पण एका हातात चाकू, दुसऱ्यात नळी, तिसरा हात कुठून आणायचा? हेमराजने पहिल्याच दिवशी शिकवलं, मास्क खाली ओढायचा आणि झाकण दातांनी काढायचं. सगळे तसंच करतात. दात उमटलेलं झाकण म्हणजे खरा फील्डवाला, असं ऑफिसात चेष्टेने म्हणतात. आज मी अकरा झाकणं काढली. चव कडवट, ओल्या मातीसारखी.

२३ नोव्हेंबर

एकोणचाळीस घरं झाली. चाळिसावं कुटुंब न सांगता चरोद्याला राहायला गेलं. उद्या सकाळी नळ्या रायपूरला जाणार आणि चाळीस झाल्या नाहीत तर मला पुढे ठेवणार नाहीत, हे मॅडमनी गोड बोलून सांगितलं. मग म्हटलं, काखेत कळसा असताना गावभर कशाला हिंडू? आत्यांचंच घर लिहिलं. साल मिनिटात झाली. घशाचं नाव काढताच आत्यांनी पदर तोंडाला लावला.

भय्याजींना शेवटी दवाखान्यात घशात नळी घातली होती. दोन दिवस ते आत्यांकडे बघून काहीतरी सांगू पाहत होते आणि सांगता आलं नाही. तसेच गेले. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.

"मरन आलं तं येवो बाबू, पन माह्या नरड्यात काडी नाई."

अंगठा मात्र त्यांनी लगेच दिला. अक्षरओळख नाही त्यांना. फॉर्म वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाल्या, तू वाचला ना, मग झालं.

अंगठा उमटलेला, नळी रिकामी. मी आरशासमोर उभा राहिलो आणि काडी माझ्याच घशात फिरवली. निरोगी घसा तो निरोगी घसा, त्यांचा काय नि माझा काय. कुणाचंच नुकसान नाही. आत्यांनी रात्री मुनग्याच्या शेंगा बेसन लावून केल्या होत्या, मी चार भाकरी खाल्ल्या.

४ डिसेंबर

आज ऑफिसात पेढे वाटले. चाळीसपैकी एका माणसाच्या घशात झाडाचीच बुरशी वाढली. मॅडमचे डोळे भरून आले होते, सहा वर्षं त्या याची वाट पाहत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी नंबर वाचला. चाळीस.

पेढा तोंडातच राहिला.

हेमराजने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. आवाज जरा बसल्यासारखा आला. आठ दिवस झाले बसून, मी प्लांटची धूळ समजत होतो.

सांगायला हवं. सांगितलं तर एक नळी खोटी म्हणून बाकीच्या एकोणचाळीसही रद्द, मॅडमची सहा वर्षं पाण्यात आणि माझं नाव कायमचं खराब. उद्या सकाळी सांगतो. आधी थोडा विचार करू दे.

५ डिसेंबर

सकाळी मी सांगायच्या आत ते आले. पांढरे कपडे, चष्मे, गाडी. रोग पसरतो की नाही माहीत नाही, म्हणून आत्यांना घरातच ठेवायचं, समोरच्या खोलीत पलंग आणि सलाईन. मी याच घरात राहतो, म्हणून मीही आत. अंगणाच्या फाटकाला बाहेरून कुलूप लागलं. चावी हेमराजकडे.

आत्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, मले काईच होत नाई. डॉक्टर मान हलवत म्हणाले, सुरुवातीला असंच वाटतं.

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं. मग मिटलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन. दरवर्षी पांढरं लुगडं नेसून आत्या विहारातल्या बायकांना घेऊन पुतळ्यापर्यंत पायी जातात आणि वंदना त्याच सुरू करतात. बायका फाटकाबाहेर थांबल्या होत्या. त्यांच्यातल्या चंपाबाईंनी मेणबत्त्या दाखवल्या. आत्यांनी पलंगावरूनच हात जोडले, एका हाताला सुई होती. बायका निघून गेल्या.

औषध सुरू झाल्यावर त्यांना इतकी थंडी भरली की पलंग वाजत होता. डॉक्टर म्हणाले, या औषधाने असं होतं, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल, चौदा दिवसांचा कोर्स आहे. मी त्यांच्यावर माझी चादर घातली. त्या म्हणाल्या, तुले लागन ना बाबू.

८ डिसेंबर

सुटकेची वाट सापडली! दुसऱ्यांदा नमुने घ्यायचे आहेत आणि आत शिकलेला माणूस मीच, म्हणून नळ्या फाटकातून माझ्याच हाती दिल्या. यावेळी सगळं खरं करणार. आत्यांच्या नावाने आत्यांचा घसा, माझ्या नावाने माझा. निकाल आला की आपोआप कळेल रोग कुणाला आहे. मला बोलावंही लागणार नाही. बोलायला आवाज उरलाय कुठे, नुसती घरघर.

आत्यांनी यावेळी तोंड उघडलं. डोळे घट्ट मिटून माझं मनगट धरून ठेवलं होतं. "तू हायस म्हनून," म्हणाल्या.

१२ डिसेंबर

निकाल आला. जसा यायला हवा तसाच आला. आत्या साफ, मी रोगी.

मॅडम फाटकाशी आल्या होत्या. दोन्ही गोष्टींनी त्या हरखल्या. आत्या साफ म्हणजे औषध लागू पडलं, आता कोर्स अर्धवट सोडायचा नाही. मी रोगी म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्याला होतो, जगात पहिल्यांदा दिसलं. माझंही औषध सुरू करायचं, पण बाटल्या मोजक्या. आधी आत्यांचा कोर्स पुरा, मग माझा.

मी खरं दिलं होतं. खरं देऊनही खोटंच मोठं झालं.

दुपारी मॅडमना फोनवर सगळं लिहून पाठवलं, एकही शब्द न लपवता. उत्तर आलं: ताप आहे, आराम कर, फॉर्मवर अंगठा आहे आणि खाली साक्षीदार म्हणून तुझीच सही आहे.

१३ डिसेंबर

हेमराजला सगळं लिहिलेला कागद दिला. त्याने गाडीशी उभं राहून पूर्ण वाचला. त्याचीही सही आहे ना खाली. कागद फाडला, चुलीत टाकायला मलाच परत दिला. आतलं बाहेर न्यायचं नाही, नियम आहे म्हणे. माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

आत्यांचे पाय सुजलेत. पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो. आज लघवी एकदाच.

१४ डिसेंबर

डॉक्टर मॅडमचंच ऐकतात. एकच माणूस उरलंय. आत्यांनीच नको म्हटलं, हात ओढून घेतला, तर कोण सुई टोचेल? त्यांनाच सांगायला हवं. वाचता त्यांना येत नाही. बोलता मला येत नाही.

खुणा केल्या. माझ्या घशाला हात लावला, त्यांच्या सलाईनकडे बोट केलं, नाही नाही म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं मी दुखतंय म्हणतोय. भिंतीला धरून उठल्या, ओवा टाकून पाणी गरम केलं, माझ्या हातात पेला दिला. आणि रडल्या.

"माह्यामुळं झालं तुले. परक्याच्या लेकराले म्या घरात घेतलं अन् रोग देला. माफ कर बाबू."

माझ्या पाया पडायला वाकल्या. माझ्या.

१५ डिसेंबर

सकाळी मी त्यांची सुई उपसली. बाटली फोडली. रक्त आलं थोडं. त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं — तसं कधी पाहिलं नव्हतं.

चौघांनी धरलं. मेंदूत ताप गेला म्हणाले. फोन नेला. मधल्या दाराला पलीकडून कडी. आता ही खोली, पलंग, खिडकी.

झाड आत आलंय. फांदी गजांतून — एकच. पानं पांढरी. तोडली. पुन्हा आहे.

१६ डिसेंबर

आरसा धरला तोंडासमोर. उन्हात.

मागे, जिथे काडी फिरवली होती — जांभळट. कडेला घडी पडलेली. खोडावर आहेत तसा कान. लहान.

श्वास घेतला की हलतो.

पलीकडे आत्या कण्हतात. सुई नवी लावली, दुसऱ्या हाताला. डॉक्टरचा आवाज ऐकला. लघवी बंद. उद्या नऊला पुढची बाटली, मग बघू म्हणाला.

उद्या नऊला.

१७ डिसेंबर

आठ वाजून गेले. भिंत वाजली. बोटाने वाजवतात त्या, चूल पेटली की चहाला हाक मारायच्या तशा.

भिंतीशी कान लावला. आवाज अगदी बारीक.

"बाबू, तू सारखा लिहून राहिला ना त्या वहीत. काय लिहितं? मले वाचून दाखव. मले झोप नाई."

वही भिंतीला लावली. मग कळलं काय करतोय —

मी भिंत वाजवली. दोनदा. पुन्हा. त्या म्हणाल्या, हो, हायस ना, बरं वाटलं.

आवाज काढतो. एकच शब्द पुरे. नाही. नुसतं नाही म्हटलं तरी — त्या माझं ऐकतील, गावच्या पोराचं ऐकतील —

जोर लावला. काहीतरी फाटलं आत. वहीवर पडलं, चांदीसारखं, पातळ. शब्द नाही.

घशातलं उलगडतंय. ऐकतंय —

फाटक वाजलं. गाडी. पावणेनऊच झालेत अजून, पावणेनऊ —

आत्या म्हणतात, आले वाटते. सांग ना बाबू, काय लिहिलं. तू सांगशील तसं करीन मी, औषध घेऊ का नको घ —

भिंत वाजवतोय. एकदा म्हणजे नाही. त्यांना कसं कळणार एकदा म्हणजे — हसल्या. म्हणाल्या, घेतो मंग, तू म्हनतं तं —

कडी. बाटली काचेची. स्टँड ओढला. नाही आत्या नाही नाही ना