नागपूरला जाऊन आलेली केबल

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र मिळालं. दसरा झाला की अंथुर्ण्याचे मोहनराव येतील, आबांची बुलेट त्यांना द्यायची, सौदा ठरलाय, असं तू पुण्यात बसून कळवलंस. गाडी द्यायची नाही. तू थोरला आहेस, तुझा मान ठेवते, पण गाडी द्यायची नाही.

म्हणे इंजिन म्हातारं झालंय! किलोमीटरचा आकडा नव्व्याण्णव हजारांवरून पुन्हा शून्यावर आला तेव्हा आबांनी पिंपळीत गावभर पेढे वाटले होते, विसरलास? दर दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं ते हिच्यावरच, बाकीचे रेल्वेने जावोत नाहीतर ट्रकने. आणि गाडी टिकली ती काही नशिबाने नाही. निघायच्या आधी अंगणात पोतं अंथरून आबा तेल बदलायचे, इंजिन गार असताना टॅपेट लावायचे, चाकाची एकेक तार वाजवून बघायचे. तू तेव्हा माळावर क्रिकेट खेळायचास, पाने-पकडी मी पुसायचे. मागच्या दिवाळीत मात्र तू ऐटीत किक मारायला गेलास, गाडीने उलटी लाथ हाणली आणि लंगडत लंगडत म्हणालास, खटारा आहे. नाचता येईना, अंगण वाकडं! आधी किक हळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग किक मारायची, एवढं मला सातवीत असल्यापासून येतं. एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला मी रोज हिच्यावरच जाते. गेटवरची सगळी बापेमंडळी बघतात. बघू देत.

त्याच दिवाळीत तू नवी क्लच-केबल आणलीस, ती लावली, आणि काढलेली जुनी भंगारात फेकलीस. आबांची रीत तुला कधी कळलीच नाही. केबल तुटायची वाट बघायची नाही, चांगली चालत असतानाच काढायची, तेल पाजून टूलबॉक्समध्ये ठेवायची. वेळेला तीच कामाला येते. तू एसटीत बसल्यावर आबा मला म्हणाले, "पोरी, ती केबल उचलून आण. नवी दुकानातनं आलीया, जुनी नागपूरला जाऊन आलीया." मी आणली.

आता आबांचा गुडघा गेला, गाडी चालवायची कुणी, मुलीने चालवली तर स्थळं कशी येतील, हे तुझे प्रश्न. मी चालवायची. बुलेटला भिणारं स्थळ मला तरी काय पेलणार?

दादा, हे पत्र मी नागपुरातून लिहितेय. दीक्षेला यंदा चाळीस वर्षं झाली आणि आबा घरी बसणार, हे मला बघवेना. त्यांना मागे बसवलं आणि निघाले. आई दारात कपाळाला हात लावून उभी होती, पण दशम्या तिनेच बांधून दिल्या. अंथुर्ण्यात मोहनराव भेटले, सौदा मोडल्याचं मीच त्यांच्या तोंडावर सांगितलं. नांदेडच्या पुढे तुझी नवी केबल तुटली. रस्त्याच्या कडेला बसून मी जुनी चढवली. आबा लिंबाखाली बसून नुसते बघत होते, हात लावायला आले नाहीत. पुढे निघाल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इतकी वर्सं म्या निस्ता रस्ताच बघितला गं. कडंची रानं आज दिसली." मला रडू आलं.

इथे भागूमावशीकडे आठवडाभर राहून आम्ही पुण्यावरून परतणार आहोत. तुझ्या दारातल्या नव्या फरशीवर एक जुनं ताट ठेव, तेलाचे थेंब पडणारच. आणि आवाज आला की गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहा. आबांना मागच्या सीटवर बसून ऐटीत येताना तू बघायला हवंस, तेवढ्यासाठीच हे लिहिलंय. बघ, आणि मग विक म्हण.

तुझीच,
मेघना